सरावाचा चेहरा

कोल्हापूर,
५ नोव्हेंबर २००७

चि. शांभवी,

मामाचा आशीर्वाद आहेच, पण तो सावकाश घे. आधी तक्रार ऐक.

आपला जुना कम्प्युटर गेला. दसऱ्याला त्याची पूजा केली, झेंडूचा हार घातला आणि चौथ्या दिवशी लाइट गेली-आली, त्यात त्यानं मान टाकली. नवा घेतला. सगळं त्यावर आलं, एक रबर तेवढं चालत नाही. चौकोन उघडतो, इंग्रजीत काहीतरी येतं आणि मिटतो. रिपेअरवाला म्हणतो, "अण्णा, ही कंपनी बंद पडून आठ वर्सं झाली. आता कुणाला इचारताय?"

तू मोठ्या कंपनीत गेलीस, रबर विसरली असशील. बारावीच्या सुट्टीत तूच मला शिकवलंस. फोटोवर ठिपक्यांची जाळी टाकायची आणि ठिपके हलवले की फोटो रबरासारखा ओढला जायचा. खरं नाव काय होतं देव जाणे. पण गेली नऊ वर्षं आपला नंदी स्टुडिओ त्याच्यावर उभा आहे. खेड्यात माणूस गेला की घरच्यांच्या ध्यानात येतं, त्याचा एकट्याचा धड फोटोच नाही. मग लग्नातला नाहीतर दूध सोसायटीतला ग्रुप फोटो घेऊन येतात आणि कडेच्या माणसावर बोट ठेवतात, "ह्यो आमचा." कडेचा माणूस लेन्समध्ये ताणला जातो, तोंड आडवं पसरतं. त्याला सरळ करून भिंतीवर लावण्याजोगा करणं, हे काम पंचक्रोशीत माझ्यासारखं कुणी करत नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

आता अडलंय ते धोंडुबाईचं. पन्हाळ्याच्या पायथ्याची बाई. तिचा नवरा आकाराम २००१ साली गेला, त्याचा फोटो मीच केलाय. यंदा माघात तिचा एकुलता मुलगा सयाजी गेला, काविळीनं. चोवीस वर्षांचा. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होता. त्याचा एकच फोटो आहे, फौंड्रीतल्या खंडेनवमीच्या पूजेचा, तोही मीच काढलेला. शेड एवढीशी आणि माणसं चाळीस, म्हणून मी रुंद लेन्स लावली आणि हा नेमका कडेला उभा. वर्षश्राद्ध एक मार्चला आहे. त्या दिवशी पाटावर ठेवायला तिला फोटो पाहिजे. दर सोमवारी येऊन बाकावर बसते, काही बोलत नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा रबर चालू करून दे, नाहीतर त्याच्यासारखं दुसरं दे.

वीरभद्र मामा


बंगळूर,
१२ नोव्हेंबर २००७

मामा,

नमस्कार. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही "व्हय व्हय" म्हणता आणि ठेवल्यावर मामीला विचारता, "काय म्हणाली गं ती?" ई-मेल वाचायला सायबर कॅफेत जाणं तुमच्या तत्त्वात बसत नाही. म्हणून हाताने लिहिते आहे, कम्प्युटरशेजारी चिकटवून ठेवा.

तीन वर्षांपूर्वीच मी सांगितलं होतं की रबर सोडा. तुम्ही म्हणालात, चालतंय तोवर चालू दे. आता चालत नाहीये.

तुमच्या नव्या कम्प्युटरवर फोटोशॉप आहे. त्यात वरच्या फिल्टर मेनूत ‘लिक्विफाय’ आहे. ब्रश मोठा घ्या आणि चेहरा हळूहळू आत ढकला. घाई करू नका. चुकलं तर मागे जाता येतं. जगभरातले लोक हेच वापरतात मामा, कोल्हापुरातही चालेल.

शांभवी


कोल्हापूर,
२४ नोव्हेंबर २००७

चि. शांभवी,

जगभरातल्या लोकांना माझा नमस्कार सांग.

हळूहळू ढकलला. गाल आत गेला तर कान बाहेर आला. कान आत घेतला तर तो भाकरीएवढा झाला. कान धरून बसलो तर डोळा गालावर उतरला. चार दिवस मी त्या पोराला कणकेसारखा मळतोय. मेलेल्या माणसाचा असा खेळ करायला मला लाज वाटते. रबरात तसं नव्हतं. डोळ्याचा ठिपका डोळ्यावर, जिवणीचा जिवणीवर, हनुवटीचा हनुवटीवर. बटण दाबलं की सगळा चेहरा एकदम आपल्या जागी जायचा, कुणाला ढकलावं लागायचं नाही.

आणि वहीचं काय? तू लिहून दिलेली वही अजून माझ्यासमोर उघडी असते. त्यात जे आहे ते एकेक करत गेलं की काम होतं. नऊ वर्षांत मी एक पायरी इकडची तिकडे केली नाही. दसऱ्याला कॅमेऱ्याशेजारी तिचीही पूजा असते. लिक्विफायला वही नाही.

धोंडुबाई सोमवारी आली होती. पडद्यावर कान दिसू नये म्हणून मी मध्ये उभा राहिलो.

मामा


बंगळूर,
२ डिसेंबर २००७

मामा,

सोबत दोन सीडी आहेत.

लाल खुणेची: हिच्यात नव्या कम्प्युटरच्या पोटात एक जुना कम्प्युटर तयार करून ठेवलाय. तो उघडला की जुना विंडोज येईल आणि त्यात रबर चालायला हवं. यात माझ्या तीन रात्री गेल्या आहेत.

निळी: इंटरनेटवर फुकट मिळणारी दोन सॉफ्टवेअर. दोन्हींत ठिपक्यांची जाळी आहे. एक परदेशी मास्तरांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी केलंय, दुसरं मला नीट बघता आलं नाही.

यातलं एकही चाललं नाही तर मला लिहा. पण काय झालं ते नीट लिहा. "बिघडलंय" एवढंच लिहू नका. डॉक्टरकडे जाऊन "दुखतंय" एवढंच सांगून चालतं का?

शांभवी


कोल्हापूर,
१८ डिसेंबर २००७

चि. शांभवी,

नीट लिहितो.

लाल: जुना कम्प्युटर पोटात उघडला. मला खरंच बरं वाटलं, ते जुनं निळं ढगांचं चित्र बघून तुझ्या मामीला हाक मारली. रबर उघडलं. आणि म्हणालं, मूळ फ्लॉपी आत घाला. नव्या कम्प्युटरला फ्लॉपीची फटच नाही. रिपेअरवाल्याकडून मागवून बाहेरून जोडली. मग कळलं, फ्लॉपीला बुरशी आली आहे. मी ती स्पिरिटनं पुसली. त्यानंतर ती फ्लॉपी राहिली नाही.

निळी, पहिलं: सगळे मेनू जर्मन का कसल्या भाषेत. एक बटण दाबलं तर फोटो उलटा झाला, तो सरळ करायचं बटण अजून सापडलेलं नाही.

निळी, दुसरं: हे माणसाचा वाघ करतं. गंमत म्हणून करतं. मला माहीत नव्हतं, मी सयाजीचा फोटो घातला आणि ‘पुढे’ दाबलं. धोंडुबाई बाकावर बसलेली होती. तिनं पाहिलं. उठून जवळ आली, बघितलं आणि म्हणाली, "पावणं, आसं नगं."

एवढंच म्हणाली. मी त्या दिवशी दुपारीच स्टुडिओ बंद केला.

तू एवढी शिकलीस, तुझ्या हाताखाली म्हणे दहा माणसं आहेत. दहा माणसांना मिळून एक चेहरा सरळ करता येत नाही काय?

मामा


बंगळूर,
३१ डिसेंबर २००७

मामा,

वाघाबद्दल माफी मागते. सीडीत घालण्याआधी मी ते उघडून बघायला हवं होतं. धोंडुबाईंना माझ्या वतीने काय सांगाल ते सांगा.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला, मग नाताळची सुट्टी घेतली. मैत्रिणी गोव्याला गेल्या. मी खोलीत बसून तुमच्यासाठी नवं रबर लिहिलं. अक्षरशः मी लिहिलं, कुणाचं आणलेलं नाही. नाव ‘रबर-२’. मेनू मराठीत आहेत. दोन खिडक्या आहेत, दोन्ही कायम उघड्या राहतात, कुठलीच लपत नाही. डावीकडे ग्रुपमधला चेहरा, उजवीकडे सरळ झालेला. माणूस फोटोत मधल्यापासून किती कडेला उभा होता तेवढं सांगायचं, म्हणजे लेन्सनं त्याला जितकं ताणलं तितकंच ते मागे घेतं. कमी नाही, जास्त नाही. आमच्या ऑफिसच्या सहलीच्या फोटोवर करून बघितलं, कडेचे सगळे ओळखू आले.

नवी वही सोबत आहे. तिची पूजा करू नका, ती वाचा.

शांभवी


कोल्हापूर,
१४ जानेवारी २००८

चि. शांभवी,

तिळगूळ घे. तुझं रबर चालतं. पहिल्या दिवशीच चाललं. सयाजी सरळ झाला, कान कानाच्या जागी, डोळा डोळ्याच्या जागी. तुझी मामी म्हणाली, पोरीनं नाव काढलं. मी म्हटलं, भाची कुणाची आहे.

आज धोंडुबाईला मोठा करून दाखवला. तिनं फोटो दारापाशी उजेडात नेला. बराच वेळ बघितला आणि परत आणून टेबलावर पालथा घातला.

"ह्यो माजा सयाजी न्हवं."

मी म्हटलं, "बाई, त्याचाच आहे. ह्या ग्रुपमधूनच काढलाय."

"आसंल. पर माजं पोरगं बापावर गेलतं. समदा गाव म्हनायचा, आकारामच हुबा ऱ्हायलाय. घरात बापाचा फोटू हाय की, तुमीच केल्याला. त्येच्याशी ह्येचं कुटं जुळतंय? रोज बगती न्हवं मी त्यो."

आकारामचा फोटो मी जुन्या रबरानं केला होता. तेव्हा तिनं तो छातीशी धरला होता. तुझ्या रबरात कुठेतरी खोट आहे, शांभवी. दिसायला चेहरा सरळ होतो, पण माणूस उतरत नाही. जुन्यात उतरायचा. माझ्या नऊ वर्षांच्या कामात एकानंही फोटो परत केलेला नाही. उलट म्हणायचे, किती शांत दिसतात.

दुरुस्त करून पाठव. दीड महिना राहिला.

मामा


बंगळूर,
२१ जानेवारी २००८

मामा,

माझ्या रबरात खोट नाही. मी ते चाळीस फोटोंवर तपासलंय. गणित आहे ते, त्याला माणूस उतरवायची हौस नसते.

तरीही तुम्ही म्हणता म्हणून एक करा. जुन्या कम्प्युटरची हार्ड डिस्क रिपेअरवाल्याकडून काढून घ्या आणि जुन्या वहीसकट मला कुरिअर करा. आकारामचा फोटो नेमका कसा केला होता ते मला बघायचंय. डिस्क टॉवेलमध्ये गुंडाळा. स्पिरिटनं पुसू नका.

शांभवी


बंगळूर,
२ फेब्रुवारी २००८

मामा,

हे पत्र बसून वाचा.

डिस्क चालते. रबराच्या सगळ्या फाइली मिळाल्या. तुम्ही प्रत्येक वेळी ‘सराव’ नावाची फाइल उघडून काम सुरू केलंय. वहीतली पहिलीच पायरी ती आहे, माझ्याच अक्षरात: "सराव ही फाइल उघडणे."

मामा, रबरात दोन जाळ्या असायच्या. एक डावीकडे, फोटोतल्या चेहऱ्यावर बसवायची. दुसरी उजवीकडे, ते ठिपके कुठे जायला हवेत ते सांगणारी. उजवीकडची जाळी दर माणसागणिक नव्यानं बसवावी लागायची. ‘सराव’मध्ये ती आधीच बसवलेली होती, कारण मी तुम्हाला नुसतं शिकवत होते. ती खिडकी तेव्हा मी बारीक करून खाली ठेवली, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही. ती तशीच राहिली.

ती जाळी मी तुमच्या फोटोवर बसवली होती. तुमच्या पासपोर्टच्या फोटोवर, १९९८ च्या मे महिन्यात. समोर दुसरा फोटोच नव्हता.

म्हणजे नऊ वर्षं जो जो माणूस तुमच्याकडे आला, त्याची कातडी, मिशा, पटका, कुंकू त्याचं राहिलं. पण दोन डोळ्यांतलं अंतर तुमचं, नाक तुमच्या लांबीचं, जिवणीचे कोपरे तुमच्या जागी, हनुवटी तुमची. मी फाइली मोजल्या. चारशे बारा आहेत. त्यांत एकशे तीस बायका.

आकारामही त्यातच.

आणि वही. दुसऱ्या पानानंतर एकदम चौथं पान येतं, तेव्हा मला कळेना. पहिल्याच पूजेची विभूती आणि कुंकू ओलं लागून दुसरं आणि तिसरं पान एकमेकांना चिकटलंय. वाफेवर धरून सोडवलं. तिसऱ्या पानावर वरच लिहिलंय: "सराव झाला की ही फाइल कधीही वापरू नये. प्रत्येकाला नवीन फाइल घेणे." खाली दोन रेघा ओढल्यात.

चूक कुणाची ते मला ठरवता येत नाही. तुम्हाला येत असेल तर मला कळवू नका.

शांभवी


बंगळूर,
१३ फेब्रुवारी २००८

मामा,

अकरा दिवस झाले. फोन केला तर मामी म्हणते, बाहेर गेलेत. रोज बाहेर? आईला विचारलं, ती म्हणाली, "अण्णा काय बोलत न्हाई, आरशात बघत बसतोय." मी घाबरले आहे. मला शिव्या द्या, पण पत्र लिहा.

शांभवी


कोल्हापूर,
१७ फेब्रुवारी २००८

चि. शांभवी,

शिव्या द्यायला बसलो होतो, पण चार दिवसांत त्या संपल्या. तीन पानं तुला, बाकी सगळ्या मला.

मी फिरत होतो. माझ्याकडे पत्ते आहेत. कळंब्याला गेलो. चिमणाबाईचा फोटो मी २००३ मध्ये केला होता. तिचा नवरा ज्ञानू ओट्यावर बसला होता, त्याला वाटलं सहज आलोय. चहा ठेवला. आत भिंतीवर चिमणाबाई कपाळभर कुंकू लावून, नथ घालून, माझी हनुवटी घेऊन माझ्याकडे बघत होती. एकदा कळल्यावर मग दुसरं काही दिसतच नाही. ज्ञानू म्हणाला, "लई शांत दिसती न्हवं? जित्तेपनी कवा न्हवती." मी चहा तसाच ठेवून उठलो.

आणखी सहा घरं केली. सगळीकडे मीच. पटक्यात मी, टोपीत मी, लुगड्यात मी. हार घातलेला, उदबत्ती लावलेला. एका घरात तर पोरं परीक्षेला जाताना पाया पडतात म्हणे. लोक म्हणायचे, तुमच्या हातात जादू आहे अण्णा, आणि मी ऐकून घ्यायचो. मला वाटायचं माझी नजर आहे ती. नजर कसली, दोन चिकटलेली पानं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आता धोंडुबाईचं सांग. तेरा दिवस राहिलेत. खरा सयाजी तिला नको आहे, कारण तिच्या घरातला आकाराम खोटा आहे. जुनी जाळी तुझ्या रबरात घालता येते काय? नुसतं विचारतोय.

मामा


बंगळूर,
२२ फेब्रुवारी २००८

मामा,

येते. सीडी सोबत आहे. मेनूत ‘जुनी जाळी’ असं बटण केलंय, ते दाबलं की सयाजी भिंतीवरच्या आकारामशी जुळेल.

मला विचाराल तर दाबा. मला माहीत आहे तुम्हाला ते पटणार नाही. पण त्या बाईनं सहा वर्षं त्या फोटोला हार घातलाय. तिला आता सांगून तुम्ही काय मिळवणार? तुमचं मन हलकं होईल आणि तिचं जड. गणित खरं आहे म्हणून माणसाला बरं वाटतंच असं नाही, हे मी या तीन महिन्यांत तुमच्याकडूनच शिकले. तिला एक मुलगा पाहिजे आहे पाटावर ठेवायला. द्या तिला तो. बाकीच्या चारशे अकरांचं मी सुट्टी काढून येते तेव्हा बघू.

रागावू नका. मी तुमच्या काळजीनं लिहिते आहे.

शांभवी


कोल्हापूर,
३ मार्च २००८

चि. शांभवी,

रागावलो नाही. बटण दाबलं. सीडी आली त्याच दिवशी दाबलं. सयाजी जुळला, आकारामचा सख्खा मुलगा दिसायला लागला. दोघांचे फोटो शेजारी ठेवून बघितले. बाप मी, लेकही मीच. मग मला तो कागद हातात धरवेना. फाडला.

दूध सोसायटीचा जुना ग्रुप फोटो माझ्याकडे होता. त्यातला आकाराम तुझ्या रबरानं नव्यानं केला, गणितानं, कमी नाही की जास्त नाही. आणि पडद्यावर जो माणूस आला तो मी कधी बघितलाच नव्हता. रुंद जबड्याचा, जरा चिडका, डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक. शेजारी तुझा पहिला सयाजी ठेवला, धोंडुबाईनं पालथा घातलेला. त्याचाही डावा डोळा बारीक. मी तो तेव्हा बघितलाच नव्हता.

श्राद्धाच्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोन्ही फोटो घेऊन गेलो. भटजी यायचे होते. भावकीतली चार माणसं अंगणात होती. धोंडुबाईला म्हटलं, जरा आत चला. आणि सगळं सांगितलं. रबर, जाळी, वही, सगळं. तिला किती कळलं माहीत नाही. मी शेवटी एवढंच म्हटलं, "तुमच्या भिंतीवर आकाराम नाही, बाई. सहा वर्षं तिथं निम्मा मी आहे. माझी चूक झाली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग भिंतीकडे. मग परत माझ्याकडे. मला वाटलं, आता अंगणातल्यांना हाक मारणार.

"तरीच," ती म्हणाली, "तुमाला पयल्यांदा बगितलं तवा वळखीचं वाटलं न्हाईसा. मागनं वाटाय लागलासा."

मग मी नवा आकाराम तिच्या हातात दिला. तिनं पदरानं काच पुसली. पुसलीच किती वेळ. "ह्यो हाय," म्हणाली. "ह्यो डोळा. लगीन झालं तवा मी ह्या डोळ्याला भ्यालते. आनी मी इसारले की वो पावणं. रोज त्यो फोटू बगून बगून ह्यो डोळा मी पार इसारले." नंतर सयाजीचा फोटो मागितला. बापाशेजारी धरला. या वेळी पालथा घातला नाही.

तू म्हणाली होतीस तिचं मन जड होईल. झालं. ती रडली. मीही रडलो, खोटं कशाला सांगू. आपण घातलेला घोळ आपल्यासमोर बसून रडतोय आणि आपल्याला काही करता येत नाही, यापेक्षा वाईट काही नसतं. तुझं ऐकलं असतं तर ते टळलं असतं. पण मग तो डोळा कुठे परत आला असता?

जुना फोटो मी खिळ्यावरून काढला. नवा लावला, हार बदलला. सयाजीला पाटावर ठेवला. मला वाटलं, झालं, आता निघावं. तर धोंडुबाई नव्या आकारामसमोर बसली आणि बसूनच राहिली. भटजी आले, बाहेरून हाका आल्या, ही उठेना. मी विचारलं, "काय झालं? जुळत नाही काय अजून?"

"जुळतंय," ती म्हणाली. "पर ह्येला कायबी ठावं न्हाई. सा वर्सं समदं मी त्या फोटूला सांगितलंय. म्हस इकली त्ये, पोराला नोकरी लागली त्ये, काईळ झाली त्ये. ह्यो आज आलाय. सयाजी ह्येचा लई लाडका. ह्येला आता कसं सांगू, पोरगं गेलंय म्हनून?"

जुना फोटो माझ्या हातात होता, तोच घेऊन मी उभा होतो. ती त्या फोटोकडे बघून म्हणाली, "तुमीच सांगा त्येला. तुमालाच समदं सांगितलंय न्हवं मी."

मग मी तिथं जमिनीवर बसलो, आकारामसमोर, आणि सांगितलं. सयाजीचंच तेवढं सांगितलं, शांभवी. बाकीचं मला ठाऊक नव्हतं.

तुझा मामा